बर्फ टाकायचा कुठे?

हिमवादळाची रात्र कशी काढली, असं लोक हमखास विचारतात. रात्र बरी जाते. घर गरम असतं, वीज असली तर वाचत बसता येतं, गेली तर पांघरुणात शिरून झोपता येतं. वारा घोंघावत असतो आणि आपल्याला कुठेही जायचं नसतं. कामाला तोंड फुटतं ते वादळ थांबल्यावर. बर्फ उचलणं हे कष्टाचं काम खरं, पण डोकं खातो तो दुसराच प्रश्न: उचललेला बर्फ टाकायचा कुठे? बॉस्टनमध्ये २०१५ च्या हिवाळ्यात आमच्या गल्लीला या प्रश्नाने पार मार्चपर्यंत सोडलं नाही.

आम्ही तेव्हा रॉझलिंडेलमध्ये राहत होतो. शहराच्या नैऋत्येला, शहरातल्या रेल्वेची ऑरेंज लाइन जिथे संपते त्या फॉरेस्ट हिल्स स्टेशनच्या पुढे हा भाग आहे. तीन मजली जुनी लाकडी घरं, प्रत्येक मजल्यावर एक बिऱ्हाड, दोन घरांच्या मधे जेमतेम एक गाडी आत जाईल एवढी बोळ आणि पुढे टीचभर अंगण. गल्ली उताराची. मधल्या मजल्यावर आम्ही दोघं आणि आमची लहान मुलगी, खाली घरमालकीणबाई, वय ऐंशीच्या पुढे, आणि वर विद्यापीठात शिकणारी दोन पोरं. समोर एक नर्स राहायची. दोन घरं सोडून हायतीहून आलेले एक गृहस्थ होते, ते शहराची बस चालवायचे. उताराच्या तळाशी, कोपऱ्यावर, एक ग्रीक आजोबा. गल्लीतला एकमेव स्नो-ब्लोअर, म्हणजे बर्फ उडवून बाजूला फेकणारं यंत्र, त्यांचा, आणि घराच्या बाजूला बऱ्यापैकी मोकळी जागाही एकट्या त्यांचीच.

त्या वर्षी जानेवारीचा तिसरा आठवडा उजाडला तरी बर्फ नावालाच पडला होता. पोरांच्या घसरगाड्या कोरड्याच पडून होत्या. मग २६ जानेवारीचा अंदाज आला. या किनाऱ्यावरची मोठी वादळं एका ठरावीक पद्धतीने येतात: समुद्रावर, किनाऱ्याला लागून, कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि त्याच्याभोवती वारे घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात. त्यामुळे जमिनीवर वारा येतो तो ईशान्येकडून, समुद्राची वाफ घेऊन. जमिनीवर आधीच कडाक्याची थंडी असली की त्या वाफेचं काय होतं, हे सांगायला नको. मॅसॅच्युसेट्सचे, म्हणजे आमच्या राज्याचे, राज्यपाल चार्ली बेकर यांनी त्याच महिन्यात पदभार घेतला होता. त्यांनी मध्यरात्रीपासून राज्यभर रस्त्यांवर खासगी गाड्या आणायला बंदी घातली. न्यूयॉर्कलाही प्रचंड बर्फाचा इशारा होता. तिथे सेंट्रल पार्कमध्ये दहा इंचही पडला नाही आणि हवामानवाल्यांना माफी मागायची वेळ आली. आमच्या वाट्याचा अंदाज मात्र तंतोतंत खरा ठरला. बॉस्टनच्या विमानतळावर २४.६ इंच, पश्चिमेला वूस्टरमध्ये ३४.५.

तयारी कशी करायची ते घरमालकीणबाईंनी शिकवलं. त्यांच्या हिशेबात वादळं दोनच प्रकारची होती, १९७८ चं आणि बाकीची. १९७८ साली ६ आणि ७ फेब्रुवारीला बॉस्टनमध्ये २७.१ इंच बर्फ पडला. त्या दिवशी सकाळी आकाश बरं होतं, म्हणून लोक कामावर गेले आणि दुपारी परतताना सापडले. शहराला वळसा घालणाऱ्या १२८ क्रमांकाच्या महामार्गावर तीन हजारांहून जास्त गाड्या रुतून बसल्या. माणसं गाड्यांतच दगावली. तेव्हाचे राज्यपाल मायकेल डुकाकिस स्वेटर घालून रोज टीव्हीवर यायचे, हे सांगताना बाईंच्या चेहऱ्यावर अजूनही एक आपलेपणा दिसायचा. त्यांचा नियम एकच: पहिला कण पडायच्या आत घरात.

बाकीच्या सूचना बारीकसारीक, पण एकेक लाखमोलाची. फावडं घरात, दाराच्या आत ठेवायचं. शेडमध्ये ठेवलं तर शेडचं दार उघडायलाच फावडं लागतं. गाडीचे वायपर उभे करून ठेवायचे, नाहीतर काचेला चिकटून बसतात. औषधं आठवडाभराची आणून ठेवायची, कारण दुकान उघडं असलं तरी तिथवर पोचायला वाट नसते. आणि घर तापवणाऱ्या भट्टीचं धुराडं कुठून बाहेर निघतं, ते उजेड असतानाच बघून ठेवायचं.

ही शेवटची गोष्ट मला आधी माहीत नव्हती. नव्या धाटणीच्या भट्ट्यांचा धूर छपरातून जात नाही. जमिनीपासून फूट-दोन फूट उंचीवर भिंतीतून प्लास्टिकची नळी बाहेर काढलेली असते. वाऱ्याने त्या भिंतीशी बर्फाचा ढीग लावला की नळी बुजते. भट्टी बंद पडली तर नशीब. नाही पडली तर कार्बन मोनॉक्साइड घरातच साठतो, आणि त्याला ना रंग ना वास. गाडीचंही तेच. मागची नळी बर्फात गाडली गेली असताना ऊब घ्यायला कुणी इंजिन चालू करून आत बसलं की संपलं. २०१३ च्या फेब्रुवारीतल्या वादळात बॉस्टनमध्येच एक शाळकरी मुलगा असा गेला. वडील बाहेर बर्फ उपसत होते आणि तो गारठला म्हणून गाडीत बसला होता. त्यामुळे त्या रात्री मी आणि नवरा आळीपाळीने उठत होतो, पायऱ्या झाडत होतो आणि धुराड्याभोवतीचा बर्फ काढत होतो. पायऱ्या पुन्हा भरायच्या. पण पाच-सहा इंचांचा थर तीनदा काढणं हे दोन फुटांचा एकदा काढण्यापेक्षा कितीतरी सोपं, हे पाठीला दुसऱ्या दिवशी कळतं.

सकाळी दार उघडलं तर अंगणाची एक बाजू जवळजवळ उघडी, गवताची पाती दिसतायत, आणि दुसरीकडे बर्फ खिडकीच्या कडेला टेकलेला. वाऱ्याला अंगणाचं माप माहीत नसतं. थंडी सडकून असल्यामुळे बर्फ कोरडा होता, साखरेहूनही भुसभुशीत. असा फूटभर बर्फ वितळवला तर इंचभर पाणीसुद्धा निघत नाही. शून्याच्या आसपास पडणारा ओला बर्फ मात्र तेवढ्याच जागेत दुप्पट वजनाचा असतो, आणि दवाखाने भरतात ते त्याच दिवशी. फावडं मारायची रीत अशी: जमेल तितका बर्फ ढकलायचा, उचलायचा नाही. उचलावाच लागला तर अर्धं फावडं, गुडघे वाकवून, आणि कंबर न पिळता पाय वळवून टाकायचा. थंडीत रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, त्यात हातांना एकदम जोराचं काम आणि श्वास रोखून धरायची सवय. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचं हृदय तिथेच दगा देतं. ग्रीक आजोबांच्या मुलीने त्यांना फावड्याला हात लावायची बंदी केली होती. ते पडवीत उभं राहून गल्लीला सूचना द्यायचे, आणि मुलगी आत गेली की हळूच एखादं फावडं मारून घ्यायचे.

बॉस्टनचा नियम आहे की बर्फ थांबल्यापासून तीन तासांत घरासमोरचा पदपथ मोकळा व्हायला हवा. रात्रीत थांबला तर सूर्योदयापासून तीन तास. वाट निदान ४२ इंच रुंद. हा आकडा उगाच नाही. तेवढ्या वाटेतून चाकाची खुर्ची आणि बाळाची गाडी जाते, एकट्या माणसापुरती खणलेली नाळ मात्र त्यांच्या काही कामाची नाही. जबाबदारी घरमालकाची. शिवाय २०१० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘बर्फ निसर्गाने टाकला, मी काय करू’ ही जुनी पळवाट बंद करून टाकली; कुणी घसरून पडलं तर मालकाला उत्तर द्यावं लागतं. आमच्या घरमालकीणबाईंना ते सगळं पाठ होतं. ऐंशीच्या बाईने फावडं मारावं असं कुणाच्या मनातही नव्हतं, पण वरच्या पोरांनी अकरा वाजेपर्यंत झोपू नये एवढं त्यांच्या मनात नक्की होतं.

पहिल्या वादळात टाकायचा कुठे हा प्रश्न पडला नाही. अंगणं रिकामी होती. प्रत्येकाने आपापला बर्फ आपापल्या अंगणात ढकलला. कटकट झाली ती प्लोची. रस्ता साफ करणारा ट्रक येतो, पुढच्या पात्याने बर्फ उजवीकडे फेकत जातो, आणि तुम्ही तासभर खपून मोकळ्या केलेल्या बोळीच्या तोंडावर कमरेएवढा बांध घालून जातो. तो बर्फ कोरडा नसतो. रस्त्यावरचं मीठ, चिखल आणि ढेकळं मिसळलेला, तासाभरात दगड होणारा असतो. बसचालकांनी यावर एक युक्ती दाखवली. घराकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करा; प्लो डावीकडून येतो. मग बोळीच्या डाव्या अंगाला, रस्त्याच्या कडेने गाडीएवढा खळगा मोकळा करून ठेवायचा आणि आपला बर्फ उजव्या अंगाला टाकायचा. प्लोच्या पात्यावरचा बराचसा ऐवज त्या खळग्यात सांडतो आणि बोळीच्या तोंडाशी थोडाच उरतो. मी शेजाऱ्यांना हे समजावून सांगायला लागले तेव्हा कळलं की निम्म्या गल्लीला ते ठाऊक होतं आणि कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग २ फेब्रुवारी आली. आदल्या रविवारी रात्री इथल्या पेट्रियट्स संघाने अमेरिकन फुटबॉलचा सुपर बोल जिंकला होता, मंगळवारी शहरभर मिरवणूक निघायची होती. सोमवारी सोळा इंच बर्फ पडला. मिरवणूक बुधवारवर गेली आणि पालिकेची माणसं मिरवणुकीचा रस्ता खणायला. आमच्यासारख्या गल्ल्यांची पाळी केव्हा येणार, हे उघड होतं.

खरा पेच इथे सुरू झाला. अंगणांतले ढीग आता छातीपर्यंत होते. नवा बर्फ टाकायचा म्हणजे फावडं डोक्यावर न्यायचं, आणि वर टाकलेल्यातला एक तृतीयांश घरंगळून परत पायाशी. मग जो तो दिसेल तिथे टाकायला लागला. वरच्या पोरांनी बोळीतला बर्फ रस्त्यावर लोटला. तो नर्सच्या गाडीभोवती गेला. नर्सच्या नवऱ्याने तो पदपथाच्या टोकाला लावला. तिथून शाळेत जाणाऱ्या पोरांना रस्त्यावर उतरावं लागायला लागलं. एका घराने पावसाच्या पाण्याच्या जाळीवरच ढीग रचला. सगळे दिवसभर राबत होते आणि गल्लीतला बर्फ एका दारातून दुसऱ्या दारात फिरत होता.

त्यात गाड्यांच्या जागांचं भांडण. बॉस्टनमध्ये तुम्ही खणून काढलेल्या जागेत खुर्ची, ट्रॅफिकचा शंकू, इस्त्रीचं टेबल, काहीही ठेवून ती जागा राखता येते. बर्फाची आणीबाणी उठल्यानंतर ४८ तासांपर्यंत शहर त्याकडे कानाडोळा करतं. मुदत संपल्यावर पालिका त्या वस्तू कचऱ्यात उचलून नेते, निदान कागदोपत्री तरी. माझं स्वतःचं मत या प्रथेच्या बाजूने नाही. दोन तास घाम गाळला म्हणून सार्वजनिक रस्ता माझा होत नाही. पण दोन तास घाम गाळल्यावर कामावरून परतताना तिथे परक्याची गाडी दिसली की हे मत किती टिकतं, तेही मी पाहिलं आहे.

नर्सनेच पुढाकार घेतला. तिची ड्यूटी चुकण्यातली नव्हती. वादळ असो नसो, तिला इस्पितळात पोचायचं होतं. तिने सगळ्यांना मेसेज करून कोपऱ्यावर बोलावलं. कडाक्याच्या थंडीत भरलेली सभा लांबत नाही, हा तिचा एक मोठा गुण. दहा-पंधरा मिनिटांत ठरलं की आता प्रत्येकाने आपापला बर्फ सांभाळायचा नाही, गल्लीचा बर्फ एका जागी न्यायचा. ती जागा म्हणजे अर्थातच ग्रीक आजोबांच्या बाजूची. तिथे त्यांचे टोमॅटोचे वाफे होते. ते म्हणाले, “मे महिन्यापर्यंत मला तिथे काही काम नाही. पण मिठाचा बर्फ तिथे आणायचा नाही.” जागा योग्यच होती. उताराच्या तळाशी असल्यामुळे वितळलेलं पाणी कुणाच्या तळघरात शिरणार नव्हतं, आणि पाण्याची जाळी दहा पावलांवर होती. वरच्या अंगाला ढीग केला असता तर मार्चमध्ये मधल्या सगळ्या घरांची तळघरं भरली असती.

न्यायचा कशातून, तर पोरांच्या प्लास्टिकच्या घसरगाड्यांतून. चाकाची ढकलगाडी बर्फात रुतते, घसरगाडी पळते. पुनर्वापराच्या कचऱ्याचे मोठे डबे दोरी बांधून ओढले. एकाने जुनी ताडपत्री आणली. तिच्यावर ढीग घालून दोघांनी ओढायची. उतार आपल्या बाजूने होता. आमची मुलगी रिकामी गाडी वर आणायचं काम करायची आणि खाली येताना भरलेल्या गाडीवर बसू दिलं नाही म्हणून रुसायची.

तीन गोष्टी वेगळ्या वाटून दिल्या, कारण त्या कुणाच्याच घरासमोर नसतात आणि म्हणून कुणीच करत नाही. एक, आग विझवायचा हायड्रंट. लाकडी घरं एकमेकांना खेटून. आग लागली तर अग्निशमन दलाने आधी फावडी मारत हायड्रंट शोधायचा का? बॉस्टनमध्ये नागरिकांनी एकेक हायड्रंट दत्तक घ्यावा म्हणून काही वर्षांपूर्वी एक संकेतस्थळही निघालं होतं. आमचा हायड्रंट वरच्या पोरांना दिला: चहूबाजूंनी तीन फूट मोकळा, आणि रस्त्याच्या बाजूने वाट. दोन, कोपऱ्यावरची रस्ता ओलांडायची जागा. पदपथ कितीही छान झाडला तरी टोकाला प्लोने घातलेला चार फुटांचा बांध असेल तर म्हाताऱ्या माणसाने काय करायचं? ते काम आमच्याकडे आलं. तीन, पाण्याची जाळी. ती नर्सच्या नवऱ्याकडे. तो लोखंडी पहारीने बर्फ फोडायचा.

ही व्यवस्था बसते न बसते तोच ७ फेब्रुवारीला तिसरं वादळ आलं. जोर कमी, पण शनिवारपासून मंगळवारपर्यंत हटायला तयार नाही. विमानतळावर जमिनीवरचा थर तीन फुटांच्या वर मोजला गेला. सोमवारी संध्याकाळी शहराची रेल्वे थांबवली, मंगळवारी दिवसभर ती बंदच होती. रुळांशेजारचा वीज देणारा तिसरा रूळ गोठतो, जुन्या डब्यांच्या मोटारींत भुसभुशीत बर्फ शोषला जातो आणि त्या जळतात, असं आमच्या बसचालकांनी समजावलं. रेल्वे बंद म्हणजे सगळा भार बसवर, आणि रस्ते तर निम्म्या रुंदीचे झालेले. ते पहाटे तीनला निघायचे, कारण आगारापर्यंत चालत जायला लागायचं. नर्सला ज्याची गाडी बाहेर निघू शकत असेल तो सोडायचा. त्या आठवड्यात गल्लीत रोज एक तरी गाडी मोकळी असेल हे आम्ही बघायचो. बाकीच्या गाडलेल्याच राहू दिल्या. वीस गाड्या अर्धवट खणण्यापेक्षा दोन पुऱ्या खणाव्यात, हा निर्णय सांगायला सोपा, पण ज्याची गाडी गाडलेली त्याच्या गळी उतरवायला अवघड. एका घराने शेवटपर्यंत मानला नाही. त्यांनी आपली गाडी रोज खणली आणि ती एकदाही कुठे नेली नाही.

चौकातून गाडी बाहेर काढणं हा निराळाच प्रकार होता. दोन्ही बाजूंच्या भिंती माणसापेक्षा उंच, समोरून काय येतंय ते गाडीचं नाक रस्त्यात घातल्याशिवाय दिसत नाही. लोकांनी गाड्यांच्या अँटेनांना रंगीत फडकी बांधली. कोपऱ्यावरचे ढीग छाटून कमरेपर्यंत आणणं हे मग वाट खणण्याइतकंच महत्त्वाचं काम ठरलं.

शहरात काही तरुण दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांतून बर्फाच्या ढिगांत उड्या मारत होते आणि त्याचे व्हिडिओ टाकत होते. महापौर मार्टी वॉल्श यांनी पत्रकारांसमोर वैतागून सांगितलं की हे बंद करा, हे शहर आहे, बर्फावर घसरायचा डोंगर नाही. त्या ढिगांत सायकली, लोखंडी कठडे, हायड्रंट काय काय दडलेलं असतं! आमच्या वरच्या पोरांचा चेहरा बघून घरमालकीणबाईंनी ती बातमी त्यांना दोनदा वाचून दाखवली.

फेब्रुवारीच्या मध्याला आणखी एक वादळ आलं आणि आता संकट डोक्यावर गेलं. म्हणजे छपरावर. जुन्या घरांच्या माळ्यातून ऊब झिरपते, छपरावरचा बर्फ तळाशी वितळतो, पाणी उताराने वळचणीपर्यंत येतं. वळचणीखाली ऊब नसते, तिथे ते गोठतं. थरावर थर चढून काठावर बर्फाचा बांध तयार होतो आणि मागे तुंबलेलं पाणी छपराच्या पट्ट्यांच्या खालून घरात उतरतं. खाली लोंबणाऱ्या हातभर लांबीच्या पागोळ्या फोटोत सुंदर दिसतात; त्या त्याच बांधाची खूण असतात. पोरांच्या खोलीत भिंतीवरून पाणी ओघळायला लागलं. छपरावर चढायचं नाही, हा बाईंचा सक्त नियम. जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या खोरणीने वळचणीकडचा तीन-चार फुटांचा पट्टा ओढून काढायचा. जिथे बांध जमला होता तिथे बायकांच्या जुन्या पायमोज्यांत कॅल्शियम क्लोराइड भरून ते बांधावर आडवे टाकले. ते हळूहळू वितळवत पाण्याला वाट करून देतं. साधं मीठ तिथे चालत नाही. एकतर ते छपराची नि खालच्या झाडांची नासाडी करतं, दुसरं म्हणजे उणे नऊ-दहा अंशांच्या खाली त्याचा जीवच जातो. आणि तो फेब्रुवारी बॉस्टनच्या सर्वांत थंड फेब्रुवारींपैकी एक होता.

वजनाचीही धास्ती होती. एका चौरस फुटावर इंचभर पाणी म्हणजे साधारण अडीच किलो. छपरावरच्या दबलेल्या तीन फूट बर्फात असे किती इंच पाणी आहे, याचा हिशेब नवऱ्याने कागदावर मांडला आणि कागद मला दाखवायचं टाळलं. आमचं छप्पर तीव्र उताराचं होतं म्हणून निभावलं. राज्यात सपाट छपरांच्या बऱ्याच इमारती कोसळल्या. वरच्या मजल्याचं दार चौकटीत अडकायला लागलं, छताला नवी भेग दिसली, तर बाहेर पडा आणि मग फोन करा, असं अग्निशमन दलाचं सांगणं होतं.

एका रात्री पालिका आली. आधी सूचनेच्या पाट्या, मग पुढे लोडर, मागे ट्रकची रांग. रस्त्याच्या कडेचे ढीग उचलून ट्रक भरत गेले. गल्ली खिडक्यांत जमली होती, आणि लोडरने सोंड उचलली की टाळ्या वाजत होत्या. शहराचाही प्रश्न आमचाच होता, फक्त आकाराने मोठा. मोकळ्या भूखंडांवर त्यांनी बर्फाचे डोंगर रचले, बर्फ वितळवणारी यंत्रं आणली. सीपोर्ट या बंदराकाठच्या भागातला डोंगर पाऊणशे फूट उंच झाला होता. त्याच्या पोटात एवढा कचरा दबलेला होता की तो पूर्ण वितळायला १४ जुलै उजाडला.

फेब्रुवारीत एकूण ६४.८ इंच पडला होता, बॉस्टनच्या नोंदींतला सर्वाधिक बर्फाचा महिना. हंगामाचा जुना विक्रम १०७.६ इंचांचा, १९९५-९६ चा. मार्चमध्ये तो मोडायला दोनच इंच कमी पडत होते, तेव्हा लोक हवामान खात्याच्या आकड्यांकडे सामन्याच्या शेवटच्या षटकासारखे डोळे लावून बसले. ज्यांनी महिनाभर बर्फाला शिव्या घातल्या तेच आता ‘एवढं सोसलंय तर विक्रम तरी होऊ दे’ म्हणत होते. १५ मार्चला तो मोडला. शेवटची बेरीज ११०.६ इंच झाली. एरवीच्या हिवाळ्यात साडेतीन-पावणेचार फूट पडतो.

ग्रीक आजोबांच्या वाफ्यांवरचा ढीग एप्रिलमध्येही शिल्लक होता. मिठाचा बर्फ तिथे जाऊ द्यायचा नाही असं ठरलं होतं, पण घाईत काही फेऱ्या रस्त्याकडच्याही झाल्या होत्या, हे खाली उरलेल्या वाळू-खडीच्या थरावरून दिसलंच. सोबत दोन हातमोजे, एक वायपर, मुलीची हरवलेली लाल टोपी आणि जागा राखायला ठेवलेली एक मोडकी खुर्ची निघाली. खुर्चीवर कुणीच हक्क सांगितला नाही. मिठाने जमीन धरते, म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून वरची वीतभर माती काढली आणि नवी माती, शेणखत आणून घातलं. आजोबा पडवीतून सूचना देत होते. टोमॅटो उशिरा धरले, पण धरले.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा सभा झाली, या वेळी नर्सच्या बैठकीत. कुठल्या घराचा बर्फ कुठे जाणार ते एका कागदावर काढलं. टोमॅटोची जागा सोडून शेजारचा पट्टा ठरला. हायड्रंट, कोपरा आणि जाळी यांच्या पाळ्या लागल्या. आजोबांचा स्नो-ब्लोअर म्हातारा झाला होता, म्हणून वर्गणी काढून गल्लीचा नवा घेतला. पुढच्या हिवाळ्यात सगळा मिळून ३६.१ इंच पडला आणि ते यंत्र दोन-चारदा बाहेर निघालं असेल नसेल.

यंत्र आजोबांच्याच गॅरेजमध्ये असतं. वाद एकाच गोष्टीवरून होतो: हंगाम संपल्यावर टाकीतलं पेट्रोल कुणी काढायचं. उन्हाळाभर राहिलं तर ते आंबून कार्ब्युरेटरमध्ये चिकटतं आणि पहिल्या वादळाच्या सकाळी यंत्र चालू होत नाही. नवरा म्हणतो, शेवटी ज्याने वापरलं त्याने काढावं. बसचालक म्हणतात, पाळी लावा. आजोबांचं म्हणणं, कुणीच काढू नका, मी काढीन, आणि त्यांची मुलगी पेट्रोलच्या डब्यालाही हात लावायला त्यांना मनाई करते. सध्या पाळी वरच्या मजल्यावर आलेल्या नव्या भाडेकरूंवर टाकली आहे. त्यांना हे अजून कुणी सांगितलेलं नाही.